ग्रूव्ह मेटलचं गाणं मानेत का शिरतं, आणि तसा रिफ आपण कसा बसवायचा

सुरुवात एका फजितीपासून करतो. जळगावला कॉलेजात असताना आम्ही चौघांनी गॅदरिंगला वाजवलं होतं, स्वतः बसवलेलं गाणं, आणि जिद्द एकच की जिल्ह्यात कोणी इतकं फास्ट वाजवलं नसेल. तर वाजवलं तसं. दोन मिनिटं ड्रमवाला घामाघूम, माझा हात बधिर, आणि समोर पोरं हाताची घडी घालून अशी बघताहेत जशी वरातीत जनरेटर बंद पडल्यावर लोक बघतात. मग ड्रमवाल्याचा हात भरून आला आणि त्याने न सांगता स्पीड अर्ध्यावर आणला, आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत तोच रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारा गिटारचा तुकडा, अर्ध्या चालीत ओढत राहिलो, आणि पोरांच्या माना हलायला लागल्या. मागे कँटीनवाला कपांचा ट्रे घेऊन उभा होता, त्याची पण मान. त्या माणसाला मेटल म्हणजे काय हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आम्ही तेव्हा ड्रमवाल्याला शिव्या घातल्या. नंतर दोनेक वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला की त्या संध्याकाळी बरोबर वाजलेली गोष्ट तेवढीच होती.

तर हा लेख त्याच्यावर आहे. ग्रूव्ह मेटल, म्हणजे जड गिटारचं पण बेताच्या चालीचं झुलतं मेटल, त्यातलं जुनं जमलेलं गाणं घ्यायचं, ते उलगडून ऐकायचं, आणि शेवटी स्वतःचा एक रिफ बसवायचा. गिटार नसेल तरी अर्धा लेख कामाचा आहे, कारण अर्धं काम टाळीवर होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचताना भांडता येईल: या गाण्यांची मजा रिफमधल्या रिकाम्या जागांत आहे. सूर दोन-तीनच असतात, स्पीड बेताचा असतो, पण कुठे थांबायचं हे पक्कं ठरलेलं असतं, आणि त्या थांब्यावर आपलं अंग पुढे जातं.

आधी ऐकायची सोय करा

मोबाईलच्या स्पीकरवर हे गाणं ऐकून "काय आहे यात" म्हणणं म्हणजे भरिताचा फोटो बघून तिखट कमी आहे म्हणणं. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, खाली उतरवून ट्यून केली की ७३ वर येते, बेस गिटार त्याच्याही एक सप्तक खाली, आणि मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून हा सगळा भाग जवळजवळ बाहेरच पडत नाही. तुम्हाला ऐकू येते ती फक्त वरची करकर. मग लोक म्हणतात नुसता गोंगाट आहे, आणि त्यांच्या जागी ते बरोबर असतात कारण त्यांच्यापर्यंत गोंगाटच पोचलाय. साधे वायरवाले हेडफोन घ्या, कानात नीट बसणारे. किंवा ओळखीचा डीजेवाला असेल तर लग्नाची सिझन नसताना त्याच्या गोडाऊनला जाऊन एकदा ऐका, तो अनुभव वेगळाच आहे, छातीत कळतं.

पहिल्यांदा ऐकताना फक्त पाय

गाणं कुठलं घ्यायचं? मी सगळ्यांना पॅन्टेराचं "वॉक" देतो. १९९२ च्या "व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर" अल्बममधलं. बँड अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा, गिटारला डाइमबॅग डॅरेल, ड्रमला त्याचा सख्खा भाऊ विनी पॉल, बेसला रेक्स ब्राउन, गायला फिल अन्सेल्मो. आता या पहिल्या वेळी यातलं काही ऐकायचं नाही. खुर्चीत बसा, चप्पल काढा, गाणं लावा आणि पाय काय करतोय ते बघा. पाय आपोआप जिथे पडतो तो बीट.

आता त्या दोन पावलांच्या मधे काय चाललंय ते ऐका. बहुतेक रॉक गाण्यात एका पावलाचे दोन किंवा चार भाग पडतात, एक-न-दोन-न असं. इथे तीन पडतात. ज्यांनी लहानपणी भजनी मंडळात किंवा तबल्याच्या क्लासला थोडी हजेरी लावली असेल त्यांनी दादरा आठवा, धा धी ना, धा ती ना. एका पावलाला "धा धी ना", दुसऱ्याला "धा ती ना", असे दादऱ्याचे दोन फेरे झाले की "वॉक" चं एक घर, म्हणजे चार बीट, पूर्ण. पुस्तकी भाषेत याला १२/८ म्हणतात. रिफ चालू असताना तोंडाने दादरा म्हणून बघा, बसतो, आणि एकदा बसला की त्या गाण्याला ती जी झुलती, खांदे टाकून चालल्यासारखी चाल आहे ती कुठून आली ते कळतं. टेक्सासच्या पोराने दादरा ऐकला असेल असं मी म्हणत नाहीये, तिकडे ही चाल ब्लूजमधून आली. पण तीनचा झोका आपल्या अंगात आधीपासून आहे, कुठल्याही लग्नात बघा, म्हणून हे गाणं आपल्याकडच्या माणसाला ओळख नसताना पण लागतं.

आणि स्पीड मोजा. फोनवर मेट्रोनोमचं अॅप असतं, त्यात पायाबरोबर टॅप करत गेलं की आकडा येतो. "वॉक" मिनिटाला ११५ ते १२० च्या आसपास निघेल. थ्रॅश मेटलची, म्हणजे मेटलमधल्या सुसाट प्रकारातली, गाणी आरामात १८० च्या पुढे, २०० च्या पुढे पळतात. ग्रूव्ह मेटल जन्माला आलं ते याच फरकातून, थ्रॅशचं वजन तसंच ठेवून स्पीड काढून घेतला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेला असाल तर बघितलं असेल, चौफेर पळणारा घोडा दोन सेकंद दिसतो आणि जातो, पण ढोलावर नाचणारा घोडा जागच्या जागी टाप उचलतो, थांबवतो, मग टाकतो, आणि माणसं तासभर हलत नाहीत. तो उचललेल्या टापेचा क्षण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(भुसावळचे मित्र मला नेहमी सांगतात की रेल्वेचा आवाज म्हणजे खरं मेटल. मला पटत नाही. रेल्वे एकसारखी खडखडत जाते, ती थांबून तुम्हाला वाट बघायला लावत नाही. लावते, पण ते प्लॅटफॉर्मवर.)

दुसऱ्यांदा ऐकताना थांबे

हे मला गिटारवाल्याने शिकवलं नाही. अमळनेरकडे चुलतभावाच्या हळदीला गेलो होतो, तिथे ढोलवाल्या बाबांच्या शेजारी उभं राहून मी उत्साहात खुर्चीवर हाताने ठेका धरत होतो, धरत कसला, बडवत होतो. बाबांनी दोन मिनिटं सहन केलं आणि मग म्हणाले, "भाऊ, दम लीसन वाजाड." दम घेऊन वाजव. मग त्यांनी दाखवलं. तोच ठेका, पण एक थाप उचलून हवेत धरली, टाकलीच नाही, आणि समोर नाचणाऱ्या बायकांचं पाऊल त्या न पडलेल्या थापेवर पडलं. ढोल गप्प आणि अंगण नाचतंय. मी त्या रात्री जेवायला पण शेवटच्या पंगतीला बसलो, हेच बघत राहिलो.

रिफमधे हेच आहे. व्यायाम असा करा: रिफचे चार फेरे ऐका, मग गाणं बंद करा आणि रिफ टाळीने वाजवा, आणि जिथे गिटार गप्प आहे तिथे तोंडाने "हं" म्हणा. पहिल्यांदा तुमचे सगळे "हं" गायब होतील, तुम्ही टाळ्या एकमेकींना चिकटवाल, सगळेच चिकटवतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका म्हणजे खोटं पकडलं जातं. जेव्हा "हं" टाळीइतकाच ठाम यायला लागेल तेव्हा पुढे जा, त्याआधी गिटारला हात लावू नका. मला याला आठवडा लागला होता आणि घरच्यांना वाटलं काहीतरी झालंय याला.

गिटारवर हा थांबा हाताने बनवावा लागतो, आपोआप येत नाही, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं, चालू असताना तार सोडली की ती किंचाळत राहते. दोन गोष्टी. एक पाम म्यूट, म्हणजे उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकतात त्या पट्टीच्या, अगदी जवळ तारांवर हलकी टेकवायची, तार वाजते पण दबून, "धन्न" च्या जागी "धुप" येतं. फार पुढे टेकवली तर नुसतं थडथड, फार मागे टेकवली तर काहीच दबत नाही, अर्धा सेंटीमीटरचा खेळ आहे. दुसरी गोष्ट, थांबा आला की दोन्ही हातांनी तारा बंद करायच्या, डाव्या हाताची बोटं सैल करून तारांवर आडवी ठेवायची आणि उजवा तळवा वरून. सूर सुरू करण्याइतकं लक्ष सूर बंद करण्यावर द्या. शिकवणारे पहिलं शिकवतात, दुसरं शिकवत नाहीत.

तिसऱ्यांदा ऐकताना सूर, पण घाबरू नका, दोनच आहेत

"वॉक" च्या मुख्य रिफचा जीव म्हणजे मोकळी जाड तार आणि तिच्या पहिल्या फ्रेटवरचा, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पहिल्या घरातला, सूर. आपल्या भाषेत सा आणि कोमल रे. पेटी असेल तर सा दाबून ठेवा आणि कोमल रे वर जाऊन परत या, लगेच एक अस्वस्थपणा येतो, भैरवसारखं काहीतरी, फक्त इथे पहाट नाहीये, कोणीतरी गेटवर येऊन उभं राहिलंय. त्यात डाइमबॅग तो कोमल रे सरळ वाजवत नाही, तार थोडी ओढून सूर वर वाकवतो, पूर्ण पुढच्या सुरापर्यंत पण जात नाही, मधेच सोडतो. आपण ज्याला मींड म्हणतो त्याच्या घरातली गोष्ट, पण तिरसट. हा ओढलेला सूर काढून रिफ सरळ वाजवा, एकदा वाजवाच, रिफ मरतो. कागदावर लिहिलेले सूर तेच असतात.

गंमत म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधे गिटारी नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा खाली आहेतच, पण नेमक्या कुठल्या सुरावर पण नाहीत, दोन सुरांच्या मधे कुठेतरी. गाण्याबरोबर वाजवायला बसाल तर ट्यूनर बघून जमणार नाही, कानाने जुळवावं लागेल. मी यावर एक पूर्ण रविवार घालवला, गिटारच खराब आहे असं समजून तारा बदलल्या.

खाली ट्यून करायची पद्धत जुनी आहे. ब्लॅक सबाथ या जुन्या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात मशीनखाली गेली होती, आणि तो डावखुरा असल्याने तीच बोटं तारा दाबायची. त्याने तारा ढिल्या करून घेतल्या, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून, आणि १९७१ पर्यंत तो नेहमीपेक्षा दीड सूर, म्हणजे तीन फ्रेट, खाली आला होता. सोय म्हणून केलं, आणि जगाला त्या आवाजाची चटक लागली. ग्रूव्हवाल्यांनी ते वजन घेतलं.

तुमच्यासाठी सोपं ट्यूनिंग म्हणजे ड्रॉप डी. सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर आणायची, बाकी तशाच. ट्यूनर नसेल तर चौथी तार वाजवा, ती आधीच डी आहे, आणि सहावी ढिली करत करत तिच्यासारखी पण एक सप्तक खाली ऐकू येईपर्यंत आणा. आता सगळ्यात जाड तीन तारांवर एक बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड तयार, म्हणजे सा आणि प. एका बोटात झालं म्हणजे बाकीचं लक्ष उजव्या हाताकडे देता येतं, जिथे ते खरं लागतं.

भावाभावांचं

आता चौथ्यांदा ऐका आणि फक्त किक ड्रम पकडा, पायाने वाजतो तो. मग पाचव्यांदा गिटारची दबलेली "धुप" पकडा. दोन्ही एकाच जागी पडताहेत. जिथे गिटार धुप तिथे किक, जिथे गिटार गप्प तिथे बहुतेकदा किक पण गप्प, आणि बेस या दोघांना खालून गोंद लावतो. त्यामुळे कानाला गिटार आणि ड्रम वेगळे ऐकूच येत नाहीत, एकच मोठं जनावर पाय टाकतंय असं वाटतं. वर स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा टणटणीत छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर, टाळीसारखा, आणि तो घाई करत नाही, केसभर मागे रेलून बसतो. तो केसभर फरक मोजता येत नाही पण तो पुढे सरकला की गाणं लगेच धावायला लागतं.

हे इतकं घट्ट कसं बसतं यावर माझी एक लाडकी थिअरी आहे. पॅन्टेरात गिटार आणि ड्रम सख्खे भाऊ. ब्राझीलच्या सेपल्चुरात मॅक्स कॅव्हलेरा गिटार आणि इगोर कॅव्हलेरा ड्रम, भाऊ. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या लॅम्ब ऑफ गॉडमधे विली अॅडलर गिटारला आणि क्रिस अॅडलर ड्रमला बरीच वर्षं, भाऊ. फ्रान्सचा गोजिरा, त्याला शुद्ध ग्रूव्ह मेटल म्हणावं का यावर वाद होईल पण ग्रूव्ह भरपूर आहे, तिथे जो आणि मारिओ डुप्लांतिए, परत भाऊ. एकाच घरात जेवून, एकाच खोलीत भांडून मोठे झालेले दोघं जण एकमेकांचा श्वास ओळखतात. आपल्याकडे पण बघा, जुन्या बँडमधे ढोल आणि ताशा बऱ्याचदा काका-पुतण्या नाहीतर भाऊभाऊच निघतात. पॅन्टेराच्या भावांचे वडील तर स्वतः कंट्री संगीतातले गीतकार आणि स्टुडिओवाले, पोरं रेकॉर्डिंगच्या खोलीतच वाढली, आणि त्या बापाच्या गाण्यांचा आणि टेक्सासच्या ब्लूजचा झोका त्यांच्या हातात राहिला. मेटलवाल्यांना वाटतं झोका आला म्हणजे मऊपणा आला. इथे झोका आला म्हणून धक्का जास्त लागतो.

तुम्हाला भाऊ नसेल तर मित्र चालेल, पण एक अट, दोघांनी बाकी कोणाला न बोलावता फक्त किक आणि पाम म्यूट एवढंच अर्धा तास रोज वाजवायचं. गायक आला की सगळ्यांना गाणं पूर्ण करायची घाई सुटते.

गायक काय करतो

थोडक्यात सांगतो कारण मला गाता येत नाही. या गाण्यांत गायक चाल गात नाही, तो अजून एक ड्रम असतो. शब्द कमी, तुटक, आणि ते रिफच्या थांब्यात टाकलेले. गिटार बोलून गप्प, मग माणूस, मग गिटार. आपल्या खानदेशातल्या वही गायनात पुढचा ओळ टाकतो आणि मागचे झेलतात तसला व्यवहार, आणि म्हणूनच गर्दीला पहिल्याच ऐकण्यात कोरस ओरडता येतो, शब्द नीट माहीत नसले तरी कुठे ओरडायचं ती जागा कळलेली असते. लिहिताना एकच करा, ओळ म्हणून बघा आणि टाळीने वाजवून बघा. टाळीवर मजा नाही आली तर ओळ फेका, अर्थ कितीही खोल असू दे.

पाडायचं कधी

जमलेल्या गाण्यात एक जागा येते जिथे सगळं अचानक दुप्पट जड होतं. मोजलं तर स्पीड तोच असतो. बदलतो तो स्नेअर, दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडणारा आता फक्त तिसऱ्यावर पडतो, म्हणजे चारात एकदा. याला हाफ टाइम म्हणतात. आमच्या गॅदरिंगला ड्रमवाल्याने दमून जे केलं ते साधारण हेच. पण ते दमून करायचं नसतं, त्याच्याआधी तयारी लागते, एखादा फेरा गिटार एकटी ठेवा, किंवा सगळेच एक बीट पूर्ण बंद करा, हवेत धरलेली टाप, आणि मग टाका. आणि गाण्यात एकदाच, फार तर दोनदा. नवी पोरं दर तीस सेकंदाला पाडतात, मग ते पडणं राहत नाही, ते खड्ड्यातून गाडी चालवणं होतं, त्याची सवय आपल्याला तशी पण आहे.

अजून काय ऐकायचं

"वॉक" पचलं की पॅन्टेराचंच "काउबॉइज फ्रॉम हेल", १९९० चं, रिफमधे सूर दाट आहेत तरी झुलतं कसं ते बघायला. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या एक्झोर्डरचा पहिला अल्बम आला होता आणि ग्रूव्ह आधी कोणी आणला यावर लोक अजून भांडतात, तुम्ही दोन्ही ऐका आणि भांडणात पडू नका, वेळ जातो. मशीन हेडचं "डेव्हिडियन", १९९४, सुरुवातीचे ड्रम आणि मग रिफमधे मधेच येणारी हार्मोनिकची, म्हणजे तार नुसती स्पर्शून काढलेल्या बारीक सुराची, किंकाळी यासाठी. प्राँगचं "स्नॅप युअर फिंगर्स, स्नॅप युअर नेक" त्याच वर्षीचं, थांबे शिकायला यासारखी शाळा नाही. लॅम्ब ऑफ गॉडचं "लेड टू रेस्ट" २००४ चं आणि "रेडनेक" २००६ चं, ब्लूजचा उद्धटपणा परत आलेला दिसेल. १९९४ ला पॅन्टेराचा "फार बियाँड ड्रिव्हन" अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत थेट पहिल्या नंबरवर उतरला होता, इतकं कर्कश काहीतरी, रेडिओला फारसं न झेपणारं, आणि तरी, यावरून या ठेक्याची पकड किती लांब होती ते कळतं.

सेपल्चुराबद्दल वेगळं बोलायचंय. १९९३ च्या "केऑस ए.डी." मधे त्यांनी स्पीड उतरवला, आणि १९९६ च्या "रूट्स" साठी ते ब्राझीलच्या शाव्हांते आदिवासींकडे जाऊन राहिले, त्यांच्यासोबत रेकॉर्ड केलं, शिवाय कार्लिन्योस ब्राउन नावाचा तिकडचा मोठा तालवादक स्टुडिओत आणला. आता आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की काय करतात, गाणं तयार करतात आणि वरून ढोलकी शिंपडतात, कोथिंबिरीसारखी. "रूट्स" मधे रिफच ढोलासारखा विचार करतो, मॅक्स तर गिटारला चारच तारा ठेवायचा, बाकीच्या लागतच नव्हत्या. मी एका होळीला धडगावकडे गेलो होतो, सातपुड्यात, रात्रभर ढोल चालू, मोठमोठे, आणि त्यावर पावरी हे तिकडचं फुंकून वाजवायचं वाद्य, कमरेला घुंगरू बांधलेली माणसं गोल फिरताहेत, आणि पहाटे मला जाणवलं की मी मनातल्या मनात त्यावर गिटार बसवतोय. अजून कोणी ते गाणं केलेलं मी ऐकलं नाही. तुम्ही करणार असाल तर आधी तिथे जा आणि रात्रभर उभे राहा, सॅम्पल डाउनलोड करून नका करू.

आता रिफ बसवा

शाळेची चौकटीची वही घ्या. एका ओळीत १६ चौकटी, चार चौकटींचा एक बीट. मेट्रोनोम ९० वर ठेवा, हळू वाटेल, ठेवा. इथे मी तीनचा झोका न घेता साधे चारचे बीट घेतोय, सुरुवातीला सोपं जातं.

खाली स्नेअरच्या ओळीत ५ आणि १३ नंबरच्या चौकटीत फुली मारा. वर गिटारच्या ओळीत १, ४, ७, १० आणि १३ मधे फुली मारा. तोंडाने म्हणून बघा: धा - - धा - - धा - - धा - - धा - - -. काय झालं, गिटार तीन-तीनच्या उड्या मारतेय आणि ड्रम चारच्या घरात बसलाय, त्यामुळे दोघं मधे एकमेकांना चुकवत जातात आणि १३ ला स्नेअर आणि गिटार एकत्र आपटतात. चुकामूक आणि भेट, एवढ्यावर अर्धं मेटल उभं आहे.

पण हे फार सरळ आहे, मशीनसारखं. म्हणून १० ची फुली खोडा. आता ७ नंतर मोठी रिकामी जागा पडली आणि १३ ला आदळणं. खोडलेल्या जागेवर "हं" म्हणा. मग १५ मधे नवीन फुली मारा, तिथे पहिल्या फ्रेटचा सूर, थोडा ओढून. बाकी सगळ्या फुल्या मोकळ्या सहाव्या तारेवर, १ मोकळी वाजू द्या, ४ आणि ७ पाम म्यूट, १३ ला पॉवर कॉर्ड. किक गिटारच्याच फुल्यांवर, फक्त १३ ला स्नेअर आहेच म्हणून तिथे किक नसली तरी चालेल.

हे तीन वेळा जसंच्या तसं आणि चौथ्या वेळी शेवटचा बीट बदला, काहीतरी वेगळं टाका, दोन सूर वर चढा किंवा १३ नंतर पूर्ण शांतता. तीनदा तेच आलं की कान चौथ्यांदा तेच येणार म्हणून निवांत असतो, तेव्हाच चिमटा काढायचा. मग हाफ टाइमसाठी स्नेअरच्या ५ आणि १३ खोडून फक्त ९ ठेवा, गिटार तीच राहू द्या. झाला तुमचा ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यातली ती पाडायची जड जागा, नवीन काही लिहावं लागलं नाही.

९० वर पंधरा मिनिटं न चुकता आलं की १०० करा. ११५ च्या वर नेऊच नका, मोह होतो, मला अजून होतो.

आवाजाचं: गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाडायचं बटण, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. जास्त गेनवर थांबे भरून जातात, चिखल होतो आणि सगळी मेहनत वाया. निम्म्याच्या आसपास ठेवा आणि वजन हातातून काढा. डाइमबॅग ट्रान्झिस्टरचा अँप वापरायचा, ज्याला गिटारवाले लोक नाक मुरडतात, पण त्यातून तो कोरडा, करवतीसारखा तुटणारा आवाज यायचा, थांबा आला की लगेच बंद. त्याच्यासारखे मिड, म्हणजे आवाजातला मधला पट्टा, काढून टाकायचा मोह आवरा. खोलीत एकट्याला भारी वाटतं पण बँडमधे वाजवलं की गिटार गायब होते. त्याला ते परवडलं कारण बँडमधे गिटारवाला तो एकटाच होता. आणि लोडशेडिंगच्या वेळी प्रॅक्टिस सोडू नका, बंद अँपवर नुसत्या तारांवर थांबे जास्त स्वच्छ ऐकू येतात, माझी सगळ्यात चांगली प्रॅक्टिस वीज नसताना झाली आहे.

जमलंय की नाही हे कसं ओळखायचं? मेटलवाल्या मित्राला विचारू नका, तो भारी आहे म्हणेल. ज्याला यातलं काही घेणंदेणं नाही असा माणूस शोधा, त्याला काही सांगू नका, तो कामात असताना शेजारी बसून रिफ वाजवा आणि त्याच्याकडे बघा. पाय, मान, हातातलं काम, काहीतरी हललं पाहिजे. मी मागच्या हिवाळ्यात ओट्यावर बसून वाजवत होतो, आई काड्यांवर भाजलेली वांगी मुसळाने ठेचत होती, आणि सातव्या चौकटीनंतर ती मुसळ वर धरून थांबायला लागली आणि १३ ला टाकायला लागली. चार-पाच फेरे असं चाललं. मग म्हणाली, "ते गुरगुर बंद कर आणि मिरच्या निवडून दे."